दीड दिवसाच्या शाळेनंतर

अण्णाभाऊ साठ्यांवर बोलायला कुणी उभं राहिलं की तिसऱ्या वाक्याच्या आत दीड दिवसाची शाळा येते. वक्ता क्षणभर थांबतो, सभागृह टाळ्या वाजवतं, आणि मग तीस-पस्तीस कादंबऱ्या, लोकनाट्यं, कथासंग्रह, पोवाडे असा पाढा सुरू होतो. पाढा खोटा नाही. वाटेगावच्या शाळेत अण्णाभाऊ दीडच दिवस टिकले हेही खरं. पण या सांगण्यात माणूस बाजूला राहतो आणि चमत्कार तेवढा उरतो, जणू कुणी रात्रीतून येऊन त्यांच्या हातात लेखणी ठेवून गेलं. अण्णाभाऊंचं शिक्षण झालं होतं, आणि चांगलं दहा-पंधरा वर्षं झालं होतं. गावच्या फडात थोडं, बाकीचं मुंबईत: भायखळ्याच्या चाळीत, गिरणीच्या खात्यात, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात आणि लालबाग-परळच्या मैदानांवर. त्या शिक्षणाची ही हकिकत.

आधी शाळेची इमारत पाहून घेऊ.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली. कंपनी १८५४ची, गिरणी चालू झाली १८५६मध्ये. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, नायगाव, वरळी असा धुराड्यांचा सलग पट्टा उभा राहिला आणि लोक त्याला गिरणगाव म्हणू लागले. दहा बाय बाराच्या खोलीत दहा-पंधरा जण राहत. दिवसपाळीची वळकटी उठली की रातपाळीची पसरायची. जेवण खानावळीत, पगारातून गावी मनीऑर्डर, शिमग्याला किंवा गणपतीला गावी फेरी. बायको बहुधा गावीच. कामगारांत कोकणातले सर्वांत जास्त, त्यांच्या खालोखाल सातारा, कोल्हापूर, पुण्याकडचे घाटावरचे. कोकणातल्यांनी भजन, नमन आणि शक्तीतुरा आणला. घाटावरच्यांनी तमाशा आणला. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्या फडाचं नाव मुंबईत तेव्हाच गाजलेलं होतं.

या वस्तीला एकत्र बसून ऐकायची सवय लावली ती संपांनी. १९२८च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दीड लाखाच्या आसपास कामगार गिरणीबाहेर होते. त्याच संपात गिरणी कामगार युनियन जन्माला आली. डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर या पुढाऱ्यांची नावं घरोघरी गेली आणि परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या कचेरीवर लाल बावटा लागला. हाताला काम नाही आणि पोटात अन्न नाही असा माणूस सहा महिने रोज संध्याकाळी सभेला जातो, तेव्हा तो नुसता संपकरी राहत नाही. चांगलं भाषण कुठलं, टाळ्यांसाठी फेकलेलं वाक्य कुठलं आणि पोवाड्यात दम कुणाच्या आहे, हे त्याला कळायला लागतं. पुढे अण्णाभाऊंना जो प्रेक्षक मिळाला तो असा आधीच तयार झालेला होता.

गिरणगावाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण अण्णाभाऊ त्या बाजूचे होते. मागावर कापड विणताना धोट्यातली कांडी संपली की नवी भरायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. ते काढायची झटपट रीत म्हणजे भोकाला तोंड लावून धागा श्वासाने ओढून घेणं. एकाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जायचा. या एका ओढीपायी विणखात्यात अस्पृश्यांना शिरकाव नव्हता आणि विणखात्यातच पगार बरा होता. १९२८च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. ते स्वतः तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहत होते आणि त्यांची कचेरी जवळच दामोदर हॉलमध्ये होती. भांडवलदाराविरुद्ध एक झालेली गिरणी धोट्याशी येऊन फुटत होती, हे त्यांना रोज दिसत असणार.

या गावात एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा पायी चालत आला.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२०चा. वाटेगाव वाळवा तालुक्यात आहे, आज सांगली जिल्ह्यात, तेव्हा सातारा जिल्ह्यात. घर मांगवाड्यातलं. इंग्रज सरकारने गुन्हेगार ठरवून हजेरीला बांधलेल्या जमातींतली मांग ही एक. वडील भाऊराव मुंबईत मजुरी करत. १९३१-३२च्या सुमारास सगळं कुटुंब वाटेगावाहून मुंबईला निघालं. आगगाडीच्या तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून वाटेत मिळेल ते काम करत, मिळेल तिथे मुक्काम करत चालत आलं. या प्रवासाला कित्येक महिने लागले. भायखळ्याच्या चांदबीबी चाळीत त्यांनी बिऱ्हाड केलं.

मग पोटासाठी जे हाती येईल ते. हमाली केली, फेरीवाल्याचं काम केलं, साहेबांची कुत्री सांभाळली, गिरणीत झाडू मारला. सिनेमाचा नाद लागला, आणि त्याच नादात वाचायला आलं. सिनेमाची पोस्टरं आणि दुकानांच्या पाट्या पाहत त्यांनी अक्षरं जुळवली. ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली जाते. मला ती फार महत्त्वाची वाटते. पोस्टरवरचं अक्षर मोठं, रंगीत आणि गर्दीला उद्देशून लिहिलेलं असतं. ज्याला थांबायला वेळ नाही त्याला थांबवायचं, हे त्याचं काम. पाठ्यपुस्तकातून शिकलेल्या आणि पोस्टरवरून शिकलेल्या माणसाच्या लिहिण्यात फरक पडणारच. अण्णाभाऊंच्या कथेचं पहिलं वाक्य कधी रेंगाळत नाही.

तिसच्या दशकाच्या मध्यावर कुटुंब गावी परतलं. तिथे चुलतभाऊ बापू साठे यांचा तमाशाचा फड होता आणि अण्णाभाऊ त्यात शिरले. ढोलकी, तुणतुणं, संवाद फेकणं, समोर बसलेल्याची नाडी ओळखून वाक्य बदलणं हे सगळं तिथलं. त्याच मुलखात स्वातंत्र्यलढ्यातल्या नाना पाटलांच्या सभा गाजत होत्या आणि त्या त्यांनी ऐकल्या. १९४०च्या आसपास ते पुन्हा मुंबईला आले ते माटुंग्याच्या लेबर कॅम्पात.

लेबर कॅम्प म्हणजे माटुंगा आणि धारावीच्या मधली कष्टकऱ्यांची वस्ती. चिखल, डास आणि दाटी. पण तिथे राजकारण शिकवणारी माणसं होती. महाडच्या सत्याग्रहापासून बाबासाहेबांबरोबर असलेले आणि पुढे कम्युनिस्ट झालेले आर. बी. मोरे, शंकर नारायण पगारे, के. एम. साळवी. रात्री अभ्यासवर्ग चालत. अण्णाभाऊंनी इथे पहिलं गाणं रचलं ते मच्छरांवर. क्रांतीवर नाही, लाल ताऱ्यावर नाही. कॅम्पातल्या माणसाला रात्रभर जे चावत होतं त्यावर. गाणं ऐकून माणसं हसली असतील आणि हसता हसता एकमेकांकडे पाहिलंही असेल. पुढचे सगळे अण्णाभाऊ त्या एका निवडीत सापडतात. नाशिककडून आलेला बाबूराव बागूल नावाचा मुलगाही याच कॅम्पात वाढत होता. त्याचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३मध्ये आलं आणि मराठी कथेने कूस बदलली. साहित्याच्या इतिहासात गल्ल्यांना आणि वस्त्यांना जागा मिळत असेल तर या कॅम्पाला चांगली ऐसपैस जागा द्यावी लागेल.

१९४२-४३च्या हिवाळ्यात सगळ्या जगाचे कान स्तालिनग्राडकडे लागले होते. फेब्रुवारी १९४३मध्ये जर्मन फौजेने तिथे शरणागती पत्करली आणि त्याच वर्षी अण्णाभाऊंनी 'स्तालिनग्राडचा पोवाडा' रचला. पोवाडा हा सिंहगडाचा, पन्हाळ्याचा, तानाजीचा. त्या साच्यात त्यांनी व्होल्गाकाठचं शहर बसवलं. लढणारा साधा माणूस आहे, वेढा पडला आहे, घराघरातून झुंज चालली आहे. मग पोवाडा का नाही? गिरणगावाला हे पटलं. बंगालमध्ये दुष्काळाने माणसं मरत होती, त्यावर 'बंगालची हाक' आली. पोवाड्याला आता भूगोलाची अडचण राहिली नव्हती.

त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत इप्टा, म्हणजे भारतीय जननाट्य संघाची स्थापना झाली. देशभरचे नट, लेखक, गायक त्यात आले. १९४४मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी मिळून लाल बावटा कलापथक उभं केलं.

तिघांची जोडणी मोठी नामी होती. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. गिरणीत राबलेले, आवाज असा की मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्याला भोंग्याची गरज पडू नये. छातीशी डफ, आणि मान मागे टाकून गाणं. गव्हाणकरही जातिवंत शाहीर, मंचावर सफाईने वावरणारे. अण्णाभाऊ अंगाने किरकोळ, रंगाने काळे, कपडे साधे. रचना बहुतेक त्यांची. मंचावर आले की सोंगाड्याचा तिरकसपणा त्यांच्या जिभेवर असे.

कलापथकाला नाट्यगृह लागत नसे. चाळीच्या चौकात किंवा मैदानात दोन-चार बाकडी जोडायची, मागे एखादा पडदा, गॅसबत्ती पेटवायची. समोर पोरं जमिनीवर, मागे पाळी सुटून आलेली माणसं उभी, वर कठड्याला टेकून बायका. कामगार मैदानावर सभा असली तर पुढाऱ्यांच्या भाषणाआधी कलापथक. कित्येकदा गर्दी कलापथकाला यायची आणि भाषण पदरात पडायचं.

अण्णाभाऊंनी तमाशाच्या अंगात काय बदललं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. जुन्या तमाशाची चौकट ठरलेली: आधी गण, मग गौळण, मग बतावणी आणि शेवटी वग. गणात गणपतीला वंदन करायचं. अण्णाभाऊंनी गण ठेवला. त्यातलं दैवत मात्र बदललं. वंदन आता मायभूमीला, शिवरायांना आणि हुतात्म्यांना. गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण-पेंद्या अडवत. ती छेडछाड त्यांनी काढूनच टाकली. वगात राजा-प्रधान असत; त्यांच्या जागी सावकार, काळाबाजारवाला, शेटजी, मंत्री आले. सोंगाड्या तेवढा त्यांनी जसाच्या तसा ठेवला, आणि मला वाटतं त्यांचं खरं शहाणपण इथे दिसतं. सोंगाड्या हा मराठी मंचावर राजाला तोंडावर बोलू शकणारा एकच माणूस. तो गेला असता तर उरली असती नुसती पत्रकं.

'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'बेकायदेशीर', 'मूक मिरवणूक', 'लोकमंत्र्यांचा दौरा'. नावांवरून नजर फिरवली तरी चाळीसच्या दशकातलं वर्तमानपत्र वाचल्यासारखं होतं. युद्धकाळातलं रेशन आणि काळाबाजार, १९४६च्या निवडणुका, नव्या सत्तेचे नवे दौरे. या वगांत काही पात्रं फार ढोबळ आहेत. शेटजी दुष्टच असतो आणि कामगार शेवटी शहाणाच होतो. पण समोरच्या माणसाने तो शेटजी त्याच सकाळी धान्याच्या दुकानात पाहिलेला असे. त्याला बारकावा नको होता, ओळख पटायला हवी होती.

१९४६चा फेब्रुवारी आला. मुंबई बंदरातल्या नौसैनिकांनी बंड केलं आणि गिरणगाव त्यांच्या पाठीशी रस्त्यावर उतरलं. २२ तारखेला परळला लष्कराच्या गोळीबारात कमल दोंदे या कार्यकर्त्या ठार झाल्या. त्याच वर्षी खानदेशात अमळनेरला गिरणी कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि 'अमळनेरचे अमर हुतात्मे' हा पोवाडा आला. स्वातंत्र्य मिळालं, फाळणी झाली. 'पंजाब-दिल्लीचा दंगा' आला. तेलंगणातल्या शेतकऱ्यांच्या लढ्यावरही त्यांनी रचलं. एकूण पाहिलं तर बातमी आणि पोवाडा यांत फारसं अंतर पडत नव्हतं.

मग बंदी आली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याच्या काँग्रेस सरकारने तमाशावरच बंदी घातली. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, गृहखातं मोरारजी देसाईंकडे. कारण दिलं अश्लीलतेचं, आणि काही फडांच्या बाबतीत ते निराधार नव्हतं. पण गावोगावच्या शेकडो कलावंतांची चूल त्याने विझली. दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारण्यासाठी समिती नेमली गेली आणि पुढे अटींवर परवानगी मिळाली. कलापथकाचं दुखणं वेगळंच होतं. १९४८मध्ये कम्युनिस्ट पक्षाने उठावाची भाषा सुरू केली, सरकारने पुढाऱ्यांची धरपकड केली आणि लाल बावटा कलापथकावरही बंदी आली. त्यांच्या तमाशात अश्लील काही नव्हतंच. तिथे सरकारला बोचत होता तो सोंगाड्या.

मग अण्णाभाऊंनी तमाशा केला नाही. त्यांनी लोकनाट्य केलं. तेच वग, तोच सोंगाड्या, पाटी तेवढी नवी. हा शब्द मराठीत रुजवण्याचं श्रेय त्यांच्याकडे जातं. बंदीला दिलेल्या या बगलेतून पुढे एक अख्खा प्रवाह वाहिला. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला पु. ल. देशपांड्यांनी 'पुढारी पाहिजे' लिहिलं. त्याला अण्णाभाऊंनी 'पुढारी मिळाला' असं उत्तर दिलं. एकाच साच्यातून दोन राजकारणं एकमेकांशी बोलत होती. १९६५मध्ये वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' आलं. लालबागजवळच्या नायगावात वाढलेल्या दादा कोंडक्यांनी ते गाजवलं, तेव्हा लोकनाट्य हा शब्द मध्यमवर्गाच्या तिकीटबारीवर जाऊन बसला होता. तोवर तो कुठून आला होता हे बहुतेकांच्या लक्षातही नव्हतं.

१९४९च्या अलाहाबाद अधिवेशनात इप्टाने अण्णाभाऊंना अध्यक्ष केलं. घरच्या मंचावर बंदी आणि देशाच्या संघटनेचं अध्यक्षपद, दोन्ही एकाच वेळी. कलापथकाचे ते दिवस मात्र पुन्हा आले नाहीत. तिघांच्या वाटा हळूहळू वेगळ्या झाल्या. पक्षातले वादही होते. याच सुमारास अण्णाभाऊ गद्याकडे जास्त वळलेले दिसतात. 'मशाल'सारख्या पक्षाच्या पत्रातून कथा येऊ लागल्या आणि पुढे कादंबऱ्यांची रांग लागली.

इथे स्पेनचा सर्व्हान्तेस आठवतो. त्यालाही नाटककारच व्हायचं होतं. सैन्यात हात जायबंदी झाला, अल्जियर्समध्ये पाच वर्षं कैद भोगली, सुटून आल्यावर माद्रिदच्या मंचासाठी नाटकं लिहिली. पण मंच लोपे द वेगाने काबीज केला आणि मग १६०५मध्ये, साठीकडे झुकलेल्या या माणसाने 'दोन किहोते' काढलं. त्याचा मंच दुसऱ्या नाटककाराने घेतला, अण्णाभाऊंचा सरकारने. साम्य याहून फार ताणू नये. मात्र रंगमंचावरून कादंबरीत आलेल्या माणसाच्या लिहिण्यात पात्रं आधी बोलायला लागतात आणि वर्णन मागून येतं, हे दोघांच्याही बाबतीत खरं आहे.

मंच पूर्ण सुटला नव्हता. २१ नोव्हेंबर १९५५ला संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. जानेवारी १९५६मध्ये मुंबई केंद्राकडे ठेवायची घोषणा झाली आणि गिरणगाव पेटलं. लालबाग, परळ, गिरगाव, दादर, सगळीकडे गोळ्या चालल्या. या लढ्यात शंभरावर माणसं गेली. फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि शाहिरांना पुन्हा रान मोकळं मिळालं. मुंबई कुणाची, घाम गाळणाऱ्याची की नफा मोजणाऱ्याची, हा वाद अण्णाभाऊंनी 'माझी मुंबई' या लोकनाट्यात आधीच मांडून ठेवला होता. चळवळीच्या मैदानावर तो आयताच कामाला आला.

आणि 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड. मुंबईला पोटासाठी आलेला नवरा मागे राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. तिचं रूप, तिचा निरोप, इथली परवड. ऐकणाऱ्या दहांतल्या आठांची बायको खरोखरच गावाकडे होती. मग गाणं वळण घेतं आणि कळतं की मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव, कारवारचा मुलूखही आहे. भाषावार प्रांतरचनेवर त्या काळात भाषणं, अहवाल, अग्रलेख यांचा ढीग पडला. पण सीमाभागाचा विरह कामगाराच्या स्वतःच्या विरहाला जोडून देणं कुणा पुढाऱ्याला सुचलं नाही. ते त्यालाच सुचलं ज्याने खोलीतल्या पंधरा वळकट्या पाहिल्या होत्या.

'फकिरा' १९५९ची. अर्पण केलीय ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. कम्युनिस्ट शाहिराने हे करावं यावर तेव्हा आणि नंतरही बरंच बोललं गेलं. पण लेबर कॅम्पात मोऱ्यांच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला मार्क्स आणि आंबेडकर यांची मुळात एकाच खोलीत ओळख झाली होती. फकिरा हा त्यांच्या नात्यातला खरा माणूस. अण्णाभाऊंच्या जन्माच्या वेळी याच फकिराने सरकारी खजिना लुटून आणलेले दोन ओंजळी सुरती रुपये बाळंतिणीच्या घरी दिले, असं घरात सांगत. ही घरातली कहाणी कादंबरीची नाळ आहे.

कादंबरी सुरू होते जत्रेने. शेजारच्या गावची जोगणी पळवून आणली तर जत्रेचा मान आपल्या गावाला. राणोजी मांग ती आणतो आणि त्यात जिवाला मुकतो. गावाला मान मिळतो, मांगवाड्याला वैधव्य. पुढे दुष्काळ, रोगराई, सरकारची रोजची हजेरी. राणोजीचा पोर फकिरा, गबऱ्या नावाच्या घोड्यावर बसून, उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो, खजिना लुटतो. शेवटी सरकार वस्तीतल्या बायका-पोरांना वेठीला धरतं आणि त्यांना सोडवण्यासाठी तो स्वतःहून हवाली होतो. वि. स. खांडेकरांनी प्रस्तावना लिहिली. १९६१मध्ये राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला आणि १९६३मध्ये सिनेमा आला. वाचताना ढोलकीचा ठेका ऐकू येतो: प्रसंग चढतो, संवाद तुटक होतात, मग थाप पडते. हे प्रत्येक कादंबरीत साधलेलं नाही. लिहिण्यावर घर चालवायचं असल्याने काही कादंबऱ्या घाईत उरकलेल्या दिसतात. नायिका एकसारख्या सुंदर आणि एकसारख्या मानी, खलनायक एकसारखे माजलेले. अण्णाभाऊंची जयंती करणाऱ्यांना हे आवडत नाही. पण 'फकिरा'ला 'फकिरा' म्हणायचं तर हेही म्हणावं लागतं.

मुंबईबद्दल त्यांनी लिहिलेलं सर्वांत कठोर पान 'स्मशानातलं सोनं' या कथेत आहे. वारणेकाठचा भीमा मुंबईला येतो, उपनगरातल्या खाणीत काम मिळतं, मग खाण बंद पडते. एकदा स्मशानाजवळ राखेत त्याला सोनं सापडतं आणि ताकदीचा हा गडी मढ्यांची राख चाळायला लागतो. कोल्ह्यांशी झुंजत एक प्रेत उकरतो, त्याच्या तोंडात बोटं घालून सोनं काढायला जातो, आणि जबडा मिटतो. बोटं जातात. त्याच दिवशी कळतं, खाण पुन्हा सुरू झाली. आता पहार धरायला बोटं नाहीत. या कथेत ना घोषणा, ना लाल बावटा. मंचावर शेटजीला सरळ शत्रू करणाऱ्या लेखकाने इथे कुणालाच उभं केलं नाही. एक बंद खाण आणि एक माणूस, एवढंच.

हे सगळं त्यांनी लिहिलं ते घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहून. भोवतालच्या माणसांवर 'चिरागनगरची भुतं' नावाचा कथासंग्रहच केला. २ मार्च १९५८ला दादर-नायगावच्या बंगाली हायस्कूलमध्ये पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन त्यांनी केलं. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरली आहे ही जुनी समजूत उलटवून, ती दलितांच्या आणि कामगारांच्या तळहातावर तरली आहे असं ते तिथे म्हणाले. १९६१मध्ये ते रशियाला जाऊन आले. अठरा वर्षांपूर्वी गिरणगावात बसून ज्या शहराचा पोवाडा रचला ते शहर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. 'माझा रशियाचा प्रवास' हे त्या फेरीचं पुस्तक. विमानातून परतलेला लेखक पुन्हा चिरागनगरातच गेला.

साठच्या दशकात त्यांच्या पायाखालची जमीन सरकत होती. 'वैजयंता'वर १९६१मध्ये सिनेमा निघाला, कादंबऱ्या खपत होत्या, पैसा मात्र टिकत नव्हता. आजारपण होतं, दारू होती, घरात ओढाताण होती. कम्युनिस्ट पक्ष १९६४मध्ये फुटला. १९६६मध्ये शिवसेना निघाली आणि गिरणगावातली तरुण पोरं नव्या झेंड्याखाली जाऊ लागली. जून १९७०मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागला खून झाला, आणि पोटनिवडणुकीत ती जागा शिवसेनेकडे गेली. कलापथकाने ज्या चौकांत बाकडी मांडली होती ते चौक बदलले होते. ते पाहायला अण्णाभाऊ नव्हते.

सरकारने १९६८मध्ये त्यांना गोरेगावच्या सिद्धार्थनगरात लहानसं घर दिलं. तिथेच १८ जुलै १९६९ला ते गेले. एकोणपन्नासावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख मोटार अपघातात गेले.